पंगतीबाहेर बसवलेल्या बायकांचा इतिहास

बुलढाणा जिल्ह्यात स्त्रियांच्या हक्कांचा विषय निघाला की पहिले नाव ताराबाई शिंदे यांचे घेतले जाते, आणि ते रास्तच आहे. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला बालहत्येबद्दल शिक्षा झाली आणि त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले गेले. तेव्हा बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क असलेल्या बापूजी हरी शिंदे यांच्या या लेकीने लेखणी उचलली. ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे त्यांचे छोटेखानी पुस्तक १८८२ साली पुण्यात छापले गेले. गावोगावच्या शहाण्यांनी त्यावर इतका गहजब केला की ताराबाईंनी पुन्हा काही प्रसिद्ध केल्याचे दिसत नाही. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली. पुढे नव्वद वर्षे पुस्तक विस्मरणात गेले आणि १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणले. पण ताराबाईंच्याही सत्तावीस वर्षे आधी, १८५५ साली, पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’ने छापला होता. मुक्ता तेव्हा जेमतेम चौदा वर्षांची होती. तिच्या निबंधात एक गोष्ट अशी आहे की ती दुसऱ्या कुणाला सुचलीच नसती: आपल्या समाजाच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर धड छप्परही नसते आणि थंडीवाऱ्यात त्यांचे काय हाल होतात, हे तिने आपल्या माहितीच्या बळावर लिहिले. ताराबाईंच्या पुस्तकातली बाई घराच्या चार भिंतींत कोंडलेली आहे. मुक्ताने पाहिलेल्या बाईला भिंतीच नाहीत.

ही दोन लिखाणे शेजारी ठेवली की पुढच्या दीडशे वर्षांचा एक पेच समोर येतो. ताराबाईंचे पुस्तक ‘स्त्रीप्रश्न’ या कप्प्यात गेले, मुक्ताचा निबंध ‘जातिप्रश्न’ या कप्प्यात गेला, आणि बाळंतपणात भिजणारी मांगाची बाई कुठल्याच कप्प्यात नीट मावली नाही. माझे म्हणणे असे की दलित स्त्रीवर होणारा अन्याय म्हणजे जातीच्या अन्यायात बाईपणाच्या अन्यायाची घातलेली भर नव्हे. त्याची जात वेगळी आहे, त्याची जागा वेगळी आहे, आणि त्या जागेवरून उभ्या राहिलेल्या बायकांनी जातिविरोधी आणि स्त्रीमुक्तीच्या अशा दोन्ही चळवळींच्या मागण्या रुंद केल्या. त्यांना या चळवळींच्या ‘महिला आघाड्या’ समजणे ही इतिहासाची मोठी चूक आहे. लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरसारख्या गावात हे समजून घेणे विशेष गरजेचे आहे. बुलढाणा जिल्ह्याच्या लोकसंख्येत शंभरातले सुमारे अठरा लोक अनुसूचित जातींचे आहेत, आणि सोयाबीनची सोंगणी, कापसाची वेचणी, निंदण-खुरपण या कामांचा मोठा भार भूमिहीन बायकांच्या हातांवर आहे. अशा बाईला मजुरी पुरुषापेक्षा कमी मिळते ती बाई म्हणून, शेत नसते ते जात म्हणून, आणि शेतमालकाशी वाद झाला तर अंगावर येणारी शिवी जातीची असते की बाईपणाची, हे तिला वेगळे काढता येत नाही, कारण ती एकाच शिवीत दोन्ही असते.

हा पेच नेमका कसा चालतो हे समजायला अमेरिकेतला एक खटला फार उपयोगी आहे. जनरल मोटर्स या मोटार कंपनीवर पाच कृष्णवर्णीय स्त्रियांनी दावा लावला होता. १९६४ पूर्वी या कंपनीने एकाही कृष्णवर्णीय बाईला कामावर घेतले नव्हते. पुढे मंदी आली आणि जे शेवटी आले त्यांना आधी काढायचे असा नियम लागला, तेव्हा साहजिकच कृष्णवर्णीय बायकांच्याच नोकऱ्या गेल्या. १९७६ साली न्यायालयाने त्यांना सांगितले, की कंपनीने तर बायका पूर्वीपासून घेतल्या आहेत, म्हणजे स्त्री म्हणून भेदभाव नाही. आणि वंशभेदाचे म्हणाल तर त्याचा वेगळा दावा चालू आहे, त्यात सामील व्हा. कंपनीने घेतलेल्या बायका गोऱ्या होत्या आणि घेतलेले कृष्णवर्णीय पुरुष होते, ही साधी बाब कायद्याच्या नजरेतून निसटली. स्त्री आणि वंश हे दोन दावे एकत्र करून तिसरा वर्ग तयार करता येणार नाही, असा न्यायालयाचा सूर होता. १९८९ साली किंबर्ले क्रेनशॉ या कायद्याच्या प्राध्यापिकेने याच खटल्याचा आधार घेऊन दाखवून दिले की जिथे दोन अन्याय एकमेकांना छेदतात तिथे उभ्या असलेल्या माणसाला दोन्ही कायदे सोडून देतात.

विदर्भाला हे समजायला अमेरिकेपर्यंत जाण्याचीही गरज नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची, आई सुरेखा, मुलगी प्रियंका आणि दोन मुलगे यांची, जमावाने हत्या केली. सुरेखाबाई आपल्या शेतासाठी गावाशी झगडत होत्या, मुलीला शिकवत होत्या, आणि एका मारहाणीच्या प्रकरणात त्यांनी आरोपींची ओळख पटवली होती. जमीन राखणारी, पोरीला शिकवणारी आणि साक्ष द्यायला न घाबरणारी दलित बाई गावाला खुपली, हे या घटनाक्रमातून उघड दिसते. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना खुनाबद्दल दोषी धरले, सहा जणांना फाशी सुनावली. पुढे २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती जन्मठेपेत बदलली. पण याच निकालांत अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू धरला गेला नाही, आणि विनयभंगाचा आरोपही सिद्ध मानला गेला नाही. म्हणजे कागदावर हा जातीचा अत्याचारही नव्हता आणि स्त्रीवरचा अत्याचारही नव्हता. सुडापोटी झालेले खून होते. निकालाच्या कायदेशीर बाजूवर जाणकारांनी भरपूर लिहिले आहे. मला त्यात जनरल मोटर्सच्या त्या पाच बायकांना मिळालेलेच उत्तर ऐकू येते. हत्याकांडानंतरच्या नोव्हेंबरात विदर्भाच्या शहरांतून जे मोर्चे निघाले त्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या, पुष्कळ ठिकाणी पुढे त्याच होत्या, आणि पोलिसांच्या लाठ्याही त्यांनी खाल्ल्या. नेत्यांच्या बोलावण्याची वाट त्यांनी पाहिली नव्हती.

आता चळवळींकडे येऊ. १९३७ च्या अखेरीस अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन नागपुरात भरले. देशातल्या शिकल्यासवरल्या, सुधारक घरांतल्या बायकांचे हे व्यासपीठ. जाईबाई चौधरी या नागपूरच्या दलित कार्यकर्त्या तिथे गेल्या, आणि जेवणाच्या वेळी त्यांना व त्यांच्याबरोबरच्या बायकांना वेगळे बसवण्यात आले. स्त्रियांच्या समतेचे ठराव ज्या मंडपात होत होते त्याच आवारात पंगत मात्र जातीची राहिली. जाईबाई गप्प बसल्या नाहीत. १ जानेवारी १९३८ रोजी दलित बायकांनी निषेधाची सभा घेतली आणि आपली स्वतंत्र संघटना हवी ही भावना तिथून पक्की झाली. याच्या चोवीस वर्षे आधी, १९१३ साली, वॉशिंग्टनमध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी निघालेल्या मोठ्या मिरवणुकीत कृष्णवर्णीय पत्रकार आयडा वेल्स यांना सांगितले गेले होते की तुम्ही मागे, आपल्या लोकांच्या तुकडीत चाला. दक्षिणेकडच्या गोऱ्या बायका नाराज होतील. वेल्स मागे गेल्या नाहीत. मिरवणूक चालू असताना त्या गर्दीतून आल्या आणि इलिनॉय राज्याच्या तुकडीत गोऱ्या बायकांच्या बरोबरीने चालू लागल्या. वेल्स आणि जाईबाई यांची एकमेकींना माहिती असण्याचे काही कारण नव्हते. तरीही दोघींच्या वाट्याला एकच अनुभव आला.

जाईबाईंची गोष्ट इथे थोडी थांबून सांगायला हवी, कारण जमिनीवरचे काम म्हणजे काय याचा तो नमुना आहे. लहानपणी लग्न झालेल्या या बाईने हमाली केली, डोक्यावर ओझी वाहिली. मिशनच्या एका बाईंच्या मदतीने त्या शिकल्या आणि मिशनच्याच शाळेत शिक्षिका झाल्या. अस्पृश्य बाई आपल्या मुलांना शिकवते हे कळल्यावर सवर्ण पालकांनी मुले काढून घेतली आणि नोकरी गेली. त्यावर जाईबाईंनी १९२० च्या दशकात नागपुरात चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. दुसऱ्याच्या शाळेत जागा मिळत नसेल तर आपली शाळा काढू, हा त्यांचा सरळ हिशेब होता. त्याच नागपुरात गिरणीत काम करणाऱ्या राधाबाई कांबळे कामगारांच्या पुढारी झाल्या आणि मजुरांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनपुढे त्यांनी साक्ष दिली. या दोघींच्या कामातूनच पुढची पायरी घडली. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात दलित स्त्रियांची अखिल भारतीय परिषद भरली, तिला सुमारे २५,००० स्त्रिया आल्याची नोंद आहे. अध्यक्ष होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. वऱ्हाडातली एक बाई इतक्या मोठ्या परिषदेचे अध्यक्षपद भूषवते, ही गोष्ट वऱ्हाडच्या शाळेत मुलांना सांगितली जात नाही याचे मला वाईट वाटते. परिषदेचे ठराव वाचण्यासारखे आहेत. बायकोला घटस्फोटाचा हक्क हवा. एकाहून जास्त बायका करण्यावर कायद्याने बंदी हवी. गिरणी, विडी कारखाना, नगरपालिका, रेल्वे अशा ठिकाणी काम करणाऱ्या बायकांना वर्षाला २१ दिवसांची किरकोळ रजा, महिनाभराची हक्काची रजा आणि वीस वर्षे नोकरी झाल्यावर दरमहा १५ रुपये पेन्शन हवे. गिरण्यांत बायकांवर देखरेख करायला बायकाच हव्यात. मुलींसाठी सरकारी खर्चाने वसतिगृहे हवीत. विडी वळणाऱ्या बाईला पेन्शन मिळावे ही मागणी तेव्हा कुठल्या सुधारक महिला मंडळाच्या यादीत होती? आणि द्विभार्याबंदीची मागणी किती कामगार पुढाऱ्यांच्या यादीत होती? दोन्ही मागण्या एकाच कागदावर यायला ज्यांच्या आयुष्यात त्या एकत्र होत्या अशा बायका लागल्या.

यावर एक आक्षेप हमखास येतो: हे सगळे बाबासाहेब आंबेडकरांनी केले, बायका त्यांच्या मागे गेल्या. बाबासाहेबांचे ऋण इतके मोठे आहे की ते मान्य करायला कुणालाच संकोच वाटू नये. पण आक्षेप इतिहासाला धरून नाही. मुक्ता साळवेने लिहिले तेव्हा बाबासाहेबांच्या जन्माला छत्तीस वर्षे अवकाश होता. आणि खुद्द बाबासाहेबांनी स्त्रियांना अनुयायांच्या रांगेत उभे केलेले नाही. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या भारतातील जातींवरच्या निबंधात त्यांनी मांडलेला सिद्धांतच असा आहे की जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून, आणि ते लग्न टिकवण्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या बेड्या बाईच्या पायात घातल्या गेल्या. म्हणजे बाईवरचा ताबा हा जातीचा जोडधंदा नसून तिचा पाया आहे, हे त्यांनी पंचविसाव्या वर्षी ओळखले होते. ज्याने हे ओळखले तो बायकांच्या चळवळीला दुय्यम कसा मानेल? डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृतीचे दहन झाल्यावर त्यांनी स्त्रियांशी स्वतंत्रपणे संवाद साधला. त्यात पातळ कसे नेसावे, जड दागिने का टाकावेत, मुलींना शाळेत का घालावे, इतक्या बारीक गोष्टी होत्या.

पातळ नेसण्याची गोष्ट वरवरची वाटेल, पण तिच्यात साऱ्या विषयाचा गाभा आहे. फलटणच्या बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ या आत्मकथनातून कळते, की महाराच्या बाईने लुगड्याचा काठ दिसू न देता तो निऱ्यांत दडवून नेसायचे, असा गावाचा दंडक होता. काठ मिरवण्याचा हक्क वरच्या जातींच्या बायकांचा. बाईच्या अंगावरच्या वस्त्राची चार बोटांची पट्टी, आणि तिच्यावर गाव जातीची मोहोर उठवत होता! हा नियम महाराच्या पुरुषाला लागू नव्हता आणि पाटलाच्या बाईलाही लागू नव्हता. तो फक्त महाराच्या बाईसाठी होता. महाडनंतर बायकांनी काठ दिसेल असे घोट्यापर्यंत नेसायला सुरुवात केली तेव्हा ते जाहीर बंड होते आणि ते रोज सकाळी घराघरांतून होत होते. त्यासाठी मोर्चा लागला नाही. याच बेबीताईंबद्दल दुसरी गोष्टही सांगायला हवी. किराणा दुकानात पुड्या बांधायला आलेली रद्दी त्या वाचत, चोरून लिहीत, आणि लिहिलेले कागद वर्षानुवर्षे घरच्यांपासून, नवऱ्यापासूनही लपवून ठेवत. गावाचा धाक संपला तिथे घराचा धाक सुरू होत होता.

इथेच दुसरा आक्षेप उभा राहतो, आणि तो चळवळीतले प्रामाणिक पुरुषही घेतात: बाहेरचा शत्रू इतका मोठा असताना घरातले भांडण चव्हाट्यावर कशाला आणायचे? त्याने समाजाची बदनामी होते, फूट पडते. या भीतीमागे खरी काळजी असते हे मान्य. दलित पुरुषाला हिंसक ठरवायला बाहेरचे लोक टपलेलेच असतात. अमेरिकेत तर कृष्णवर्णीय पुरुषांवर खोटे आळ घेऊन त्यांना जमावाने मारण्याचा मोठा इतिहास आहे, आणि त्या झुंडबळींचा पर्दाफाश आयडा वेल्स यांनीच केला होता. पण गप्प राहण्याने एकी टिकते हे म्हणणे अनुभवाला उतरत नाही. बायकांनी सोसलेले न बोलता जी एकी राहते तिचा सगळा खर्च बायकांच्या खात्यावर पडतो. दलित स्त्रिया वेगळे का बोलतात हा प्रश्न १९९५ साली गोपाळ गुरू यांनी एका गाजलेल्या लेखात मांडला आणि सवर्ण स्त्रियांच्या व दलित पुरुषांच्या, अशा दोन्ही वर्चस्वांकडे बोट दाखवले. पुढे शर्मिला रेगे यांनी तो धागा स्त्रीवादी अभ्यासात नेला. फुटीबद्दल बोलायचे तर पुरावा उलटा आहे. १९४२ च्या ठरावांतली रजा आणि पेन्शन ही साऱ्या कामगारांच्या भल्याची मागणी होती. १९७९ च्या नोव्हेंबरात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी नागपूरच्या दीक्षाभूमीवरून निघालेला लाँग मार्च याच बुलढाणा जिल्ह्यात खडकपूर्णा नदीच्या पुलावर पोलिसांनी अडवला. सुलतानपूरहून सिंदखेडराजाकडे जाताना ओलांडावी लागते तीच ही नदी. त्या मोर्चात शेकडो किलोमीटर चालत आलेल्या बायका होत्या आणि मारातून त्याही सुटल्या नाहीत. ज्यांनी चळवळीसाठी इतके सोसले, त्यांनी घरातल्या अन्यायाविषयी तोंड उघडले म्हणून त्या फुटीर ठरतात काय?

मागे राहून चळवळ उभी करणाऱ्या बायकांची नावे पुसली जाणे ही काही आपल्याकडचीच रीत नाही. अमेरिकेतल्या मंटगोमेरीचा बसवरचा बहिष्कार म्हटले की मार्टिन ल्यूथर किंग आठवतात, फार तर रोझा पार्क्स. पण १ डिसेंबर १९५५ ला पार्क्स यांना अटक झाल्यावर त्याच रात्री जो ॲन रॉबिन्सन या कॉलेजच्या शिक्षिकेने सायक्लोस्टाइलवर हजारो पत्रके काढली आणि दुसऱ्या दिवशी ती वस्त्यांत वाटली गेली. तो बहिष्कार ३८१ दिवस टिकला तो गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बायका रोज पायी कामावर गेल्या म्हणून. आपल्याकडे उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना गावोगाव शोधून काढले, त्यांच्या मुलाखती घेतल्या आणि १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक सिद्ध केले. त्याआधीच्या चळवळीच्या इतिहासांत या बायका बहुतेक वेळा ‘स्त्रियांची उपस्थिती लक्षणीय होती’ एवढ्या वाक्यात आटोपल्या जात.

जात आणि वंश एक नाहीत, मग ही तुलना कशाला, असेही विचारले जाते. एक नाहीत हे खरेच आहे. जातीला कातडीचा रंग नसतो, तिला शुद्धाशुद्धतेची कल्पना लागते, आणि एकाच गावात एकाच भाषेत बोलणाऱ्या माणसांत ती उतरंड लावते. पण माणसाला जन्मावरून कामाला जुंपायचे आणि ती व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या चालावी म्हणून बाईच्या शरीरावर आणि लग्नावर पहारा ठेवायचा, ही यंत्रणा दोन्हीकडे सारखी आहे. हे नाते जोडण्याची हौस आजची नाही. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या लोकांना. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना लिहिलेल्या पत्रात अस्पृश्य आणि कृष्णवर्णीय यांच्या स्थितीतल्या साम्याचा उल्लेख केला होता. १९७२ ला मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने तर नावच तिकडून घेतले. मराठवाड्यात १९७५ च्या सुमारास स्थापन झालेल्या महिला समता सैनिक दलाच्या जाहीरनाम्यात अँजेला डेव्हिस यांचे नाव आदराने घेतलेले आहे. औरंगाबादच्या मुलींना तुरुंगात टाकल्या गेलेल्या एका अमेरिकन कृष्णवर्णीय बाईत आपली सखी दिसली, यात मला तरी काही ओढूनताणून वाटत नाही.

या सगळ्या खटाटोपाने बदलले काय? सावकाश, पण बदलले. चंद्रपुरात डिसेंबर १९९६ मध्ये भरलेल्या विकास वंचित दलित महिला परिषदेने मनुस्मृती दहनाचा २५ डिसेंबर हा दिवस भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळण्याची हाक दिली, आणि आज महाराष्ट्रात अनेक ठिकाणी तो पाळला जातो. अत्याचार प्रतिबंधक कायद्यातली दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. तिने दलित-आदिवासी स्त्रीला संमतीशिवाय लैंगिक हेतूने केलेला स्पर्श, तसे बोलणे वा हावभाव हा या कायद्याखालचा स्वतंत्र गुन्हा ठरवला. गंभीर गुन्ह्यांत जातीच्या कारणानेच कृत्य केले हे सिद्ध करण्याचा जुना अडथळाही तिने सैल केला. पीडित व्यक्तीची जात आरोपीला माहीत होती एवढे पुरे होऊ लागले. २०२१ साली एका अंध दलित तरुणीवरील अत्याचाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटले की जात, लिंग आणि अपंगत्व यांतून होणारा अन्याय सुटा सुटा मोजता येत नाही. जनरल मोटर्सच्या त्या पाच बायकांना त्याच्या पंचेचाळीस वर्षे आधी जे नाकारले गेले ते आपल्या न्यायालयाने मान्य केले, याचा अभिमान वाटायला हवा. मात्र कायदे आले म्हणजे प्रश्न मिटला, हे म्हणणे टिकत नाही. २०१६ सालीच शेजारच्या वाशीम जिल्ह्यातल्या कळंबेश्वरला एका दलित बाईला विहिरीवर पाणी नाकारले गेले. तिच्या नवऱ्याने चाळीस दिवसांत स्वतः विहीर खणली आणि ती बातमी देशभर गाजली. त्या माणसाच्या जिद्दीला सलाम. पण गाजली ती विहीर. अपमान जिचा झाला, कारण पाणी भरणे हे बाईचे काम मानले जाते, ती बाई बातमीच्या कडेला राहिली.

इथे एक उणीव स्पष्टपणे नोंदवणे मला भाग वाटते. या इतिहासाची सुरुवात एका मांग मुलीने केली, पण पुढची बहुतेक नोंद बौद्ध झालेल्या महार समाजातल्या स्त्रियांची आहे. मातंग, चर्मकार, मेहतर, भटक्या जमातींतल्या आणि आदिवासी बायकांनी काय केले याची कागदपत्रे फार कमी आहेत. त्यांनी काही केले नाही असा याचा अर्थ होत नाही. ज्यांच्याकडे शाळा आणि संघटना उशिरा पोचली त्यांचे लिहून ठेवणारेही उशिरा आले. स्त्रियांच्या चळवळीने जी चूक दलित स्त्रीच्या बाबतीत केली ती दलित चळवळीने आपल्यातल्या लहान जातींच्या बाबतीत करू नये.

सुलतानपुरात आणि मेहकर-लोणारच्या गावांमध्ये आज काय करता येईल, याची साधने हाताशी आहेत. कायद्याने नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यावी लागते. तिच्यात वस्तीच्या पाण्याचा, शेतमजुरीच्या दराचा आणि मुलींच्या एसटीचा विषय ठराव म्हणून लिहून घेता येतो. कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजनेत भूमिहीन अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची तरतूद आहे. त्या जमिनीच्या कागदावर नवऱ्याबरोबर बायकोचे नाव लागते आणि विधवा व परित्यक्ता स्त्रियांना प्राधान्य आहे. सुरेखा भोतमांगे ज्या जमिनीच्या हक्कासाठी झगडल्या तो हक्क बाईच्या नावावर आणणारी ही वाट आहे, तिचे अर्ज भरले गेले पाहिजेत. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या दक्षता व नियंत्रण समितीने दर तीन महिन्यांनी बसून अत्याचाराच्या प्रकरणांचा आढावा घ्यायचा असतो. ती बसते का, हे बायकांच्या बचत गटांनी विचारले पाहिजे. आणि शाळा-कॉलेजातल्या मुलामुलींना एक विनंती. १९५६ साली दीक्षेसाठी नागपूरला गेलेल्या, १९७९ साली लाँग मार्चला भाकरी बांधून देणाऱ्या, पोरीला पहिल्यांदा शाळेत घालताना गावाशी आणि घराशी भांडलेल्या ज्या म्हाताऱ्या अजून आपल्यात आहेत, त्यांच्याकडे जा. त्यांचे बोलणे मोबाइलवर रेकॉर्ड करा, त्यांचे पूर्ण नाव, माहेर आणि गाव वहीत लिहा, आणि ती वही गावच्या वाचनालयात ठेवा. हे काम याच वर्षी करायला हवे, कारण या बायका आता ऐंशी-नव्वदीच्या आहेत.